शोषण-नळाचे बाक आणि पंपाचे पाणी

जालना जिल्ह्यातील बागाईत मुख्यत्वे विहिरीवर उभे आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, बदनापूर, जालना व परतूर या तालुक्यांतून दुधना जाते, उत्तरेस भोकरदन व जाफराबाद या भागांत पूर्णा, केळणा, गिरजा या नद्या आहेत. परंतु नदीचे पाणी ज्यांच्या बांधापर्यंत पोहोचते असे शेतकरी थोडे. बाकीच्यांस काळ्या कातळात खणलेल्या विहिरीचाच आधार. या कातळात पाणी साठते ते भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून. साठा बेताचा असल्यामुळे दिवाळीत काठाशी दिसणारे पाणी शिमग्यापर्यंत कित्येक हात खाली जाते.

नेमक्या याच काळात मोसंबीस पाण्याची निकड असते. आंबे बहार धरणारा बागाईतदार मार्गशीर्ष-पौषात बागेस ताण देतो, जानेवारीत ताण तोडतो, आणि पुढे फळ सुपारीएवढे असताना उन्हाळा अंगावर घेतो. जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्यापूर्वी थोडीच वर्षे, २०१२-१३ च्या दुष्काळात, याच जिल्ह्यात वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली होती, ही गोष्ट कोणी विसरलेले नाही. अशा मुलखात विहिरीत पाणी असूनही ते बागेत येऊ नये, यापरते दुर्दैव नाही. आणि असे घडते. फाल्गुनात पंपाचे पाणी निम्म्या-पाऊण धारेवर येते, पंपातून खडखड ऐकू येते, आणि शेतकरी म्हणतो, ‘विहीर बसली.’ मग कर्ज काढून विहीर आणखी खोल केली जाते, किंवा आडवे बोअर घेतले जातात. खरा दोष पुष्कळदा विहिरीत नसून पंपाच्या अलीकडच्या नळात, त्यातही त्या नळाच्या बाकांत असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय काठावर किंवा विहिरीतील टप्प्यावर बसविलेल्या मोनोब्लॉक पंपापुरता व इंजिनावर चालणाऱ्या पंपापुरता मर्यादित आहे. पाणबुडी मोटारीस शोषण-नळ नसतो. ती पाण्यातच बसलेली असते. जिल्ह्यात तिचा प्रसार मोठा झाला आहे हे खरे. तथापि उघड्या विहिरींवर व नदीकाठी मोनोब्लॉक अद्याप पुष्कळ आहेत.

पंप पाणी ओढीत नाही

बोलण्यात आपण ‘मोटार पाणी ओढते’ असे म्हणतो. वस्तुतः पंप पाण्यास हातही लावीत नाही, जोपर्यंत ते त्याच्या पंख्यापर्यंत येत नाही. पंखा फिरू लागला म्हणजे त्याच्या मध्यभागी, ज्यास पंख्याचा डोळा म्हणतात तेथे, दाब कमी होतो. विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर वातावरणाचा भार असतो. हा भार पाण्यास नळात वर ढकलतो. वर चढविण्याचे सर्व काम हवेचे. पंपाचे काम ते पाणी पुढे फेकण्याचे.

हवेची ही शक्ती मोजलेली आहे. इटलीतील टॉरिचेली याने १६४४ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग सांगितला, तेव्हापासून हे ठाऊक आहे की समुद्रसपाटीवर हवेचा भार सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभास तोलून धरतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. तेवढ्या उंचीवर हवा थोडी विरळ असल्याने हा आकडा ९.७ मीटरवर येतो. शिवाय पाण्याची स्वतःची वाफ होण्याची प्रवृत्ती असते. आपल्याकडील विहिरीच्या पाण्याच्या उष्णतामानास त्यापोटी सुमारे ०.४ मीटर वजा करावे लागतात. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उरते ते ९.३ मीटर. ही त्याची एकंदर पुंजी. तीत एका वितीचीही भर घालण्याचा उपाय नाही. अधिक अश्वशक्तीची मोटार बसवूनही ती वाढत नाही.

या पुंजीतून चार खर्च भागवावयाचे असतात. पहिला, पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची उभी उंची. दुसरा, नळाच्या लांबीतील घर्षण. तिसरा, फूट व्हॉल्व्ह आणि बाक यांतील अवरोध. आणि चौथा, पंख्याच्या डोळ्यापाशी शिल्लक राहिलाच पाहिजे असा दाब. लहान शेती-पंपांस हा शेवटचा खर्च साधारणपणे दोन ते तीन मीटर असतो. पंपाच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. तेवढी शिल्लक न राहिली तर डोळ्यापाशी पाण्याची वाफ होते. थंड पाण्यात बुडबुडे उत्पन्न होतात, ते पंख्याच्या पात्यांवर अधिक दाबाच्या जागी येताच फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा सूक्ष्म घणाप्रमाणे धातूवर घाव घालतो. खडखडीचा आवाज तो हाच. असा पंप उघडून पाहिला तर पंखा किडल्यासारखा, खड्ड्या-खड्ड्यांचा दिसतो. कारागीर नवा पंखा बसवून देतो, तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसाच होतो.

बाकाचा खर्च

नळात बाक आला म्हणजे किती पुंजी खर्ची पडते, हे दोन गोष्टींवर ठरते : बाक कसा आहे, आणि पाणी किती वेगाने जात आहे. वेगाचा हिशेब असा मांडतात की, पाण्यास तो वेग येण्यासाठी किती उंचीवरून पडावे लागेल, ती उंची काढावयाची. सेकंदास १० लिटर पाणी अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटर नळातून न्यावयाचे झाल्यास त्याचा वेग सेकंदास ३ मीटर होतो, आणि ही उंची ४६ सेंटिमीटर येते. तेच पाणी तीन इंची म्हणजे ८० मिलिमीटर नळातून नेले तर वेग २ मीटर आणि उंची केवळ २० सेंटिमीटर. अर्ध्या इंचाने हा खर्च निम्म्याहूनही खाली येतो.

काटकोनात एकदम वळणारा, दुकानात मिळणारा साधा एल्बो या उंचीचा सुमारे नऊ-दशांश भाग गिळतो. नळ तिरका कापून वेल्डिंगने जोडलेला काटकोन याहून वाईट. त्याचा खर्च त्या उंचीएवढा किंवा अधिकही होतो. उलट, ज्याच्या वळणाची त्रिज्या नळाच्या व्यासाच्या दीडपट किंवा जास्त आहे असा लांब बाक एक-तृतीयांशाच्या आसपास भागवून घेतो. अडीच इंची नळाच्या वरील उदाहरणात एका एल्बोस ४२ सेंटिमीटर लागले, तर लांब बाकास १६. गावाकडे प्लॅस्टिकचा नळ जाळावर मऊ करून गुडघ्याशी वाकविण्याची पद्धत आहे. वळण दिसावयास गोल दिसते. परंतु आतील बाजूस नळ चेपून लांबट होतो व त्याचे तोंड आकसते. असा बाक पैसे वाचवितो आणि पाणी गमावितो.

आता एक संपूर्ण हिशेब पाहू. समजा, पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदास १० लिटर पाणी देण्याच्या बेताचा आहे. शोषण-नळ अडीच इंची, लोखंडी, ९ मीटर लांब. त्यात तीन एल्बो. खाली बाजारी फूट व्हॉल्व्ह. पंपास डोळ्यापाशी अडीच मीटर शिल्लक हवी. नळाच्या लांबीत १.६४ मीटर जातील, तीन एल्बोंत १.२५ मीटर, आणि फूट व्हॉल्व्हमध्ये १.१६ मीटर, एकूण ४.०५ मीटर.

कार्तिकात पाणी पंपाच्या २ मीटर खाली आहे. ९.३ मधून २ गेले, पंपाचे २.५ गेले, राहिले ४.८. खर्च ४.०५. पंप सुरळीत चालतो आणि कोणासही शंका येत नाही. फाल्गुनात पाणी ५ मीटर खाली गेले. आता ९.३ मधून ५ व २.५ वजा जाता उरतात १.८ मीटर, आणि नळ मागतो ४.०५. तेव्हा पंपास पाणी कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. नळातील खर्च पाण्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, या नियमाने हिशेब केला तर धार सेकंदास सुमारे ६.७ लिटरवर येऊन थांबते. पातळी खाली गेल्याने चढ वाढून होणारी थोडी घट यात धरलेली नाही. विहिरीत पाणी आहे, मोटार तीच आहे, वीज तीच जळते आहे, पण तिसरा हिस्सा पाणी नळाच्या मोडींत अडले.

उन्हाळ्यात जिल्ह्यातील बहुतेक विहिरी दिवसभर उपशास टिकत नाहीत. यास्तव तीन तासांचाच उपसा धरू. १० लिटरने १ लाख ८ हजार लिटर पाणी मिळावयाचे, ६.७ लिटरने सुमारे ७२ हजारच मिळाले. ठिबकावरील मोठ्या झाडास त्या दिवसांत रोज १२५ लिटर लागतात असे मानले तर, कमी पडलेल्या ३६ हजार लिटरांत २८८ झाडे भिजली असती. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एका हेक्टरात २७७ झाडे बसतात. म्हणजे सुमारे हेक्टरभर बाग कोरडी राहिली. पंप जास्त वेळ चालवून ती भरून काढता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु विजेचे तास आपल्या हाती नसतात, आणि दीडपट वेळेचे बिल भरावे लागते ते निराळेच.

आता याच पंपावर नळाची मोड सुधारून पाहू. तीन एल्बोंऐवजी एकच लांब बाक ठेवला, बाकी काही बदलले नाही, तर धार ६.७ वरून ७.८ लिटरवर जाते. त्याबरोबर कमी अवरोधाचा फूट व्हॉल्व्ह बसविला तर ती ९.१ होते. आणि नळही तीन इंची केला तर सर्व खर्च मिळून ०.८ मीटरच्या आत राहतो. पंप पूर्ण १० लिटर देतो व वर एक मीटर शिल्लक राहतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, जुन्या मांडणीत पाणी पावणेतीन मीटर खाली जाईपर्यंतच पंप पूर्ण धारेने चालत होता. नव्या मांडणीत तो सहा मीटरपर्यंत चालेल. सव्वातीन मीटर विहीर भरली असती तर जे साधले असते ते येथे नळ बदलून साधते.

पंपाच्या पुढील, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळातही बाक असतातच, आणि तेही शक्ती खातात. परंतु तेथे पंप स्वतःच्या जोराने पाणी ढकलीत असतो. बाक वाढले तर वीज अधिक जळेल, धार थोडी मंदावेल, पण पंपाच्या जिवावर बेतणार नाही. अलीकडच्या नळात मात्र मोजकीच पुंजी असते. म्हणून दोन्ही बाजूंस सारखी वळणे देणे भाग असेल तर ती पुढच्या बाजूस टाकावी.

बाकातून बाहेर पडणारे पाणी

खर्चाचा हिशेब झाला तरी बाकाचा दुसरा उपद्रव शिल्लक राहतो, आणि तो हिशेबात न दिसणारा असल्याने अधिक दुर्लक्षित आहे. शहागडजवळ गोदावरीच्या किंवा परतूरकडे दुधनेच्या काठी राहणाऱ्यास तो नदीनेच शिकविलेला असतो. नदी वळण घेते तेथे बाहेरची दरड कापली जाते आणि आतल्या बाजूस वाळूचे बेट साठते. पृष्ठभागावरील वेगवान पाणी बाहेर फेकले जाते. तळाचे मंद पाणी वाळूसह आतल्या काठाकडे सरकते. जेम्स टॉमसन या शास्त्रज्ञाने १८७६ साली नदीच्या वळणाची ही कारणमीमांसा मांडली, आणि वाकलेल्या नळातील प्रवाहाचे गणित डब्ल्यू. आर. डीन याने १९२७ साली दिले. नळ नदीहून लहान असला तरी त्यातील पाणी तोच नियम पाळते.

एल्बोतून निघालेले पाणी सारखे नसते. बाहेरच्या भिंतीस ते घाईने चिकटून जाते. आतल्या भिंतीपाशी ते मंद, क्वचित उलटेही फिरते. शिवाय नळाच्या अर्ध्या-अर्ध्या भागात दोन भोवरे परस्परविरुद्ध फिरू लागतात. सरळ नळात काही अंतर गेल्यावर ही खळबळ शमते. पण पंपाचे तोंडच एल्बोला लावलेले असेल तर हे विस्कळीत पाणी तसेच पंख्याच्या डोळ्यात शिरते. मोनोब्लॉकचा पंखा मिनिटास सुमारे २,८८० फेरे घेतो. त्याच्या प्रत्येक पात्यास एकाच फेऱ्यात एकदा भरपूर, एकदा तुटपुंजे पाणी मिळते. कमी पाण्याच्या जागी दाब पडून बुडबुडे होतात, सरासरी शिल्लक पुरेशी असतानादेखील. धुऱ्यास धक्के बसतात, सील लवकर झिजते, बेअरिंग आवाज करू लागते.

याहून वाईट योग म्हणजे एकापाठोपाठ एक असे दोन एल्बो, पहिला वर-खाली वळविणारा आणि दुसरा डावी-उजवीकडे. विहिरीच्या कठड्यावरून येऊन खोलीच्या भिंतीशी वळणाऱ्या नळात हा योग हमखास जुळतो. अशा जोडीतून निघालेल्या पाण्यात दोन लहान भोवऱ्यांऐवजी एक मोठा पीळ पडतो, आणि हा पीळ नळाच्या व्यासाच्या कित्येक पट अंतरापर्यंत टिकतो. पीळ पंख्याच्या दिशेनेच असेल तर पंख्यास पाण्यावर पकड मिळत नाही व चढ कमी होतो. उलट दिशेने असेल तर मोटारीवर भार वाढतो आणि ती तापते. एकाच गावात, एकाच मेळाचे दोन पंप निरनिराळे का वागतात, याचे उत्तर कधी कधी एवढ्यातच असते.

मोठ्या उपसा योजनांत दोन्ही बाजूंनी पाणी घेणारे पंप असतात. त्यांच्या तोंडाशी आडवा एल्बो आला तर एका बाजूस पाणी जास्त जाते आणि सारा जोर एका बेअरिंगवर येतो. सामायिक उपसा योजनेच्या चालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दोष ओळखण्याची रीत

पाणी कमी झाले म्हणजे तीन कारणे संभवतात, आणि त्यांचे लक्षण निरनिराळे असते. कोठे सांधा हवा घेत असेल तर पाणी दुधासारखे पांढरट, फसफसत येते, आणि पंप बंद केल्यावर नळातील पाणी उतरून जाते. हा दोष बारमाही असतो. फूट व्हॉल्व्ह उघडा पडत असेल, अथवा त्याच्यावर पाण्यात भोवरा पडून हवा जात असेल, तर धार थांबून थांबून, गचके देत येते. विहिरीत वाकून पाहिले की भोवरा दिसतो. आणि धार अखंड आहे, पण बारीक आहे, पंपात खडे टाकल्यासारखा आवाज आहे, दोष पातळीबरोबर वाढतो आहे, तर संशय शोषण-नळावर घ्यावा. खात्री करण्यासाठी पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा. खडखड थांबली आणि धार फारशी कमी झाली नाही, तर पंपास पाणी पोहोचत नाही हे सिद्ध झाले.

शेणकाला ओतून पंप भरण्याची चाल सर्वत्र आहे. गळक्या फूट व्हॉल्व्हवर तो तात्पुरता उतारा आहे, यात शंका नाही. परंतु तेच शेण जाळीत व बाकाच्या आतल्या कुशीत साठते, आणि पुढे ठिबकाची गाळणी तुंबविते. गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करणे बरे.

धार मोजण्यास दोनशे लिटरचे पिंप पुरे. सेकंदास १० लिटर धार असेल तर ते २० सेकंदांत भरते, ६.७ लिटर असेल तर ३० सेकंद लागतात. याहून नेमकी परीक्षा हवी असल्यास पंपाच्या तोंडाशी निर्वातमापक बसवावा. पाऱ्याचे ७३.५ मिलिमीटर म्हणजे पाण्याचा एक मीटर. केवळ उभी उंची वरील उदाहरणात ५ मीटर, म्हणजे सुमारे ३६८. पंप चालू केल्यावर काटा ५१५ वर गेला, तर मधले १४७ मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर, नळ व बाक यांत आणि थोडे पाण्यास वेग देण्यात गेले. विहीर खोल करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हे दोन आकडे पाहावेत. नुसती खोली वाढवून पंप तेथेच ठेवला तर उभी उंची व नळाची लांबी दोन्ही वाढतात, आणि दुखणे बरे होण्याऐवजी बळावते.

मांडणी कशी असावी

विहिरीतून उभा येणारा नळ आडव्या पंपास जोडावयाचा म्हणजे एक बाक अटळ आहे. तेवढाच ठेवावा, तो लांब वळणाचा असावा, आणि पंपापासून दूर असावा. बाक व पंपाचे तोंड यांच्यामध्ये नळाच्या व्यासाच्या निदान पाचपट, साधल्यास दहापट सरळ नळ हवा. तीन इंची नळास हे अंतर ४० ते ८० सेंटिमीटर होते. पंपाची खोली बांधताना एवढी जागा सोडणे अवघड नाही. बांधून झाल्यावर मात्र भिंत फोडावी लागते. नदीकाठी नळ दरडीच्या उतारावरूनच आणता येतो, त्यामुळे काटकोनाऐवजी अर्धा बाक पुरतो. तेथे फूट व्हॉल्व्ह तेवढा उभा टांगावा, नाही तर त्याची झडप नीट बसत नाही.

नळ पंपाच्या तोंडाहून एक माप मोठा घ्यावा आणि तोंडाशी लहान करावा. ही जोडणी सरळ नरसाळ्यासारखी नसावी. तिची वरची कड सपाट आणि निमुळतेपणा खालून असावा, म्हणजे वर हवा साठत नाही. हवेचा प्रश्न बाकांशी निगडित आहे. कठड्यावरून उंटाच्या पाठीसारखा चढून पुन्हा खोलीत उतरणारा नळ अनेक मळ्यांत दिसतो. त्या उंचवट्यात हवेचा फुगा बसतो, पाण्याची वाट अरुंद होते आणि एके दिवशी पंप पाणी सोडून देतो. फूट व्हॉल्व्हपासून पंपापर्यंत नळ सतत चढता असावा. त्यासाठी कठड्यास भोक पाडावे लागले तर खुशाल पाडावे. जुन्या विहिरींना तर मोटेच्या थारोळ्याची जागा आयतीच मोकळी असते.

मोटेच्या काळी हा प्रश्न नव्हता. सोंदूर, नाडा व बैल यांच्या कामात बाक नव्हता, आणि हवेच्या भाराची मर्यादाही नव्हती. पंधरा मीटरवरून पाणी काढावयाचे तर नाडा लांब केला की झाले. पंपाने उपसा कितीतरी पटींनी वाढविला. त्याबरोबर ही सात-आठ मीटरची अदृश्य वेसही आणली. नळ कितीही चांगला असला तरी पाणी साडेसहा-सात मीटरच्या खाली जाऊ लागले म्हणजे पंपच खालच्या टप्प्यावर उतरवावा. टप्पा रुंद खोदावा. अरुंद टप्प्यावर पंप भिंतीशी दाबून बसविला की एल्बो पंपाच्या तोंडाशीच येतो, आणि उतरविण्याचा निम्मा लाभ तेथेच जातो.

सामायिक विहिरीत अडचण वेगळी असते. तीन-चार भावांचे पंप, प्रत्येकाच्या वाट्याची बाजू ठरलेली, आणि एकाचा नळ चुकवीत दुसऱ्याचा नळ आलेला. प्रत्येक चुकविणे म्हणजे दोन एल्बो. येथे तंत्रापेक्षा समजुतीची गरज जास्त. सर्वांनी मिळून एकदा नळ काढून सरळ मांडावेत, फूट व्हॉल्व्ह एकमेकांपासून व भिंतीपासून हातभर दूर आणि तळाच्या गाळापासून वर ठेवावेत.

फूट व्हॉल्व्ह खरेदी करताना भारतीय मानक १०८०५ ची खूण पाहावी. जाळीच्या छिद्रांचे एकंदर क्षेत्र नळाच्या क्षेत्राच्या कित्येक पट असलेला व्हॉल्व्ह चांगला. लवचीक नळ वापरावयाचा असल्यास तो आत कडी असलेला, शोषणासाठीच बनविलेला असावा. साधा नळ हवेच्या भाराने पिचतो, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो.

ही दुरुस्ती पातळी वर असतानाच, कार्तिक-मार्गशीर्षात, बागेचा ताण चालू असता करणे सोयीचे. उपसा तेव्हा बंदच असतो व नळ दोन दिवस बाहेर राहिले तरी अडत नाही. काम करताना मुख्य स्विच बंद करून त्याचे फ्यूज काढून खिशात ठेवावेत. ओल्या विहिरीत विजेचा धोका दुप्पट असतो. नळ बसल्यावर पिंप भरण्यास किती सेकंद लागले आणि त्या वेळी पाणी पंपाखाली किती हात होते, हे दोन आकडे खडूने खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, आणि चैत्रात त्यांच्या शेजारी नवे आकडे लिहावेत.